ॲडमिनच्या हातातलं कलम १९

२०१२ च्या नोव्हेंबरात पालघर अजून ठाणे जिल्ह्यात होतं. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर सगळा परिसर बंद होता आणि त्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर काही ओळी लिहिल्या. माणसं रोज मरतात, तरी जग थांबत नाही. आदर कमवावा लागतो, तो लादता येत नाही. आजचा बंद भीतीपोटी आहे, असा त्यांचा आशय. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली. एकीच्या नातेवाइकाचं हॉस्पिटल जमावाने फोडलं.

२०२० च्या १६ एप्रिलला, तोवर स्वतंत्र जिल्हा झालेल्या पालघरमध्ये, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावाजवळ दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांना जमावाने मारून टाकलं. लॉकडाऊनचे दिवस होते. चोर फिरतायत, मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा त्या पट्ट्यात आधीपासून पसरल्या होत्या. रात्री अनोळखी गाडी दिसली आणि लोकांनी ऐकलेलं सगळं त्या गाडीवर ओतलं.

साडेसात वर्षांच्या आतल्या या दोन घटना. पहिल्या वेळी एका साध्या मताला गुन्हा समजलं गेलं आणि यंत्रणा धावून आली. दुसऱ्या वेळी माणसं मारू शकणारी अफवा फोनाफोनांतून सुखरूप पुढे गेली आणि तिला कुणी अडवलं नाही. मला या दोन्ही चुकांचं मूळ एकच दिसतं: समोर आलेला मजकूर नेमका काय आहे, हे ओळखता न येणं. कुठलं बोलणं फक्त टोचतं आणि कुठलं कुणाच्या दारात जमाव नेतं, यातला फरक ज्याला कळत नाही तो बोलणाऱ्याचं तोंड बंद करतो आणि अफवेला वाट करून देतो. म्हणून अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि माध्यमसाक्षरता हे दोन वेगळे विषय मानायला मी तयार नाही. आणि या दोन्हींचा पहिला निवाडा कोर्टात होत नाही. तो घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीच्या, ऐरोलीतल्या एखाद्या मंडळाच्या, कळव्यातल्या एखाद्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर होतो, तोही पाच-दहा मिनिटांत.

आधी कायद्याचं बघू, कारण धमक्या बहुतेकदा कायद्याच्याच नावाने दिल्या जातात. पालघरच्या त्या दोघींवर लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ होतं. 'त्रासदायक', 'अत्यंत आक्षेपार्ह' असे कुठेही ताणता येणारे शब्द त्यात होते. या अटकेनंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने हे कलम पूर्णपणे रद्द केलं. त्या निकालात बोलण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: चर्चा, एखाद्या मताचा आग्रही पुरस्कार, आणि चिथावणी. पहिल्या दोन पायऱ्यांवरचं बोलणं कितीही कडू लागलं तरी ते अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या, संविधानाच्या कलम १९(१)(अ) च्या छत्राखाली राहतं. तिसऱ्या पायरीवर पाय पडला की १९(२) मधले निर्बंध लागू होऊ शकतात, आणि तेही तिथे मोजून दिलेल्या कारणांसाठीच: सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी, राष्ट्राची सुरक्षा वगैरे. 'आमच्या भावना दुखावल्या' हे कारण त्या यादीत नाही. ६६अ रद्द झाल्यावरही पोलीस ठाण्यांत ते वापरलं जात राहिलं आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही. आजही कुणी ते दाखवून घाबरवत असेल, तर ते कलम अस्तित्वात नाही, एवढं लक्षात ठेवावं.

दुखावण्याचं मोजमाप कुणाच्या मनाने करायचं, याचं उत्तर आपल्या नागपुरातून आलेलं आहे. भगवतीचरण शुक्ल यांच्या खटल्यात स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयाने म्हटलं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापाने जोखायचा. कमकुवत, डळमळत्या मनाच्या मापाने नाही. हेच माप सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाला लावलं. कलम ३७० रद्द केल्याच्या दिवसाला त्यांनी व्हॉट्सॲप स्टेटसवर काळा दिवस म्हटलं होतं आणि पाकिस्तानला १४ ऑगस्टच्या शुभेच्छा दिल्या होत्या. न्यायालयाने गुन्हा रद्द केला आणि पोलिसांनाच अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं शिक्षण द्यायची वेळ आली आहे, असं नोंदवलं. त्या स्टेटसने कुणाला राग आला असेल, तर तो राग खरा आहे. पण राग येणं आणि गुन्हा घडणं यांच्यात बरंच अंतर असतं आणि ते टिकवणं आपल्या सगळ्यांच्या हिताचं आहे.

मराठी माणसाला हे वेगळं सांगायला लागू नये. आगरकर जिवंत असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली गेली, कारण त्यांनी भावना दुखावल्या होत्या. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले ते कोल्हापूरच्या दिवाणाच्या अब्रुनुकसानीपायी. जोतीरावांनी लिहिलेलं, डॉ. आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये केलेलं मनुस्मृतीचं दहन, यातलं काय त्या काळच्या 'भावनां'च्या चाळणीतून पार झालं असतं? ज्या परंपरेचा आपण अभिमान सांगतो ती दुखावून उभी राहिलेली आहे.

मग द्वेष म्हणजे काय? माझ्या मते चार गोष्टी तपासल्या की बरंचसं उलगडतं. बोलणं विचाराबद्दल, नेत्याबद्दल, प्रथेबद्दल आहे, की माणसांच्या जन्माने मिळालेल्या ओळखीबद्दल? त्यात एखाद्या कृतीची हाक आहे का: यांना घर देऊ नका, यांच्या दुकानातून घेऊ नका, यांना हाकला, यांना धडा शिकवा? ठिकाण किंवा वेळ दिली आहे का? आणि बोलणाऱ्याच्या मागे ती हाक खरी करू शकणारा जमाव आहे का? शेवटचा प्रश्न लोक विसरतात. कॉलेजातल्या मुलाने रागात टाकलेलं वाक्य आणि हजारो अनुयायी असलेल्या पुढाऱ्याने मिरवणुकीच्या आदल्या रात्री टाकलेलं तेच वाक्य, यांचं वजन सारखं नसतं. वृत्तनिवेदक अमिश देवगण यांच्या प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरलं: कोण बोललं, काय बोललं, कुठल्या परिस्थितीत बोललं आणि त्यातून कुठलं नुकसान संभवतं, हे एकत्र बघायचं.

हे प्रश्न आपल्या बाजूच्या माणसालाही लावावे लागतात आणि तिथेच खरी परीक्षा होते. २०२५ च्या जून-जुलैत मिरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, क्लिप सगळीकडे गेली, मग व्यापाऱ्यांचा बंद आणि मराठी मोर्चा झाला. मराठीचा आग्रह धरणं, पाटी मराठीत मागणं, त्यासाठी मोर्चा काढणं, घोषणा देणं हे शंभर टक्के अभिव्यक्तीच्या हक्कात बसतं. थोबाडीत मारणं बसत नाही. 'अमुक भाषेच्या माणसांना आपल्या विंगमध्ये भाड्याने घेऊ नका' हा मेसेजही बसत नाही, मग तो मराठीने गुजरातीबद्दल लिहिलेला असो किंवा मासे शिजवणाऱ्या मराठी कुटुंबाबद्दल दुसऱ्या कुणी. सोसायट्यांच्या ग्रुपवर दिसणारा द्वेष बहुतेकदा घोषणांच्या रूपात येतच नाही. तो भाडेकरूंच्या 'प्रोफाइल'बद्दलच्या सूचनेतून, 'आपल्यासारखी माणसं हवीत' अशा गोड वाक्यातून येतो आणि प्रत्यक्षात एका कुटुंबाचं घर जातं.

आता ॲडमिनचं. ग्रुपवर कुणी वाईट टाकलं की ॲडमिन तुरुंगात जाईल, हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, आधीपासून संगनमत असल्याशिवाय, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. म्हणजे ॲडमिनने घाबरून सगळं वादग्रस्त उडवायची गरज नाही. हाती अधिकार मात्र भरपूर आहेत: कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करणं, सदस्य काढणं, काही काळ फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग लावणं. म्हणून ग्रुपच्या वर्णनात दोन-तीन ओळींचा नियम शांत दिवशी लिहून ठेवावा. 'राजकीय पोस्ट टाकू नये' हा नियम चालत नाही; पाणीकपात, ट्रॅफिक, कचरा हे सगळंच राजकीय आहे आणि अशा नियमाचा वापर शेवटी नको असलेल्या माणसाविरुद्ध होतो. त्यापेक्षा 'कुठल्याही समाजाविरुद्ध कृतीची हाक काढली जाईल. ठिकाण, तारीख आणि स्रोत नसलेला व्हिडिओ काढला जाईल. टीका काढली जाणार नाही' हे पुरतं. मेसेज काढला की का काढला ते एका ओळीत तिथेच लिहावं. कारण न सांगता काढलेला मेसेज दुसऱ्या ग्रुपवर 'हे दाबलं गेलं' या शिक्क्यासह दुप्पट जोराने फिरतो.

व्हिडिओ तपासणं हे काम कठीण नाही, पण क्रमाने करावं लागतं. २०१८ मध्ये देशभर फिरलेली मुलं पळवण्याची क्लिप आठवा: मोटारसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि पसार होतात. मूळ फिल्म कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करायला बनवली होती. मुळात ते दोघं मुलाला परत आणतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. शेवट कापला आणि जनजागृतीचं हत्यार झालं. अशाच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मारले गेले. ते मंगळवेढ्याकडचे होते. पोट भरायला फिरणं हाच त्यांचा पिढीजात व्यवसाय, आणि अनोळखी असणं एवढाच त्यांचा दोष.

तर क्रम असा. व्हिडिओ सुरू करून जिथे पाटी, इमारत, गाडी, गणवेश असं काही स्पष्ट दिसतं तिथे थांबवायचं आणि स्क्रीनशॉट घ्यायचा. असे तीन-चार घ्यावेत, पहिली चौकट एकटी पुरत नाही. वर चिकटवलेलं वाक्य, लाल गोल, इमोजी कापून टाकायचे, नाहीतर शोधयंत्र त्या अक्षरांनाच धरून बसतं. मग गूगल लेन्समध्ये, म्हणजे चित्रावरून शोधणाऱ्या साधनात टाकायचं. तिथे नाही मिळालं तर यांडेक्स किंवा टिनआय. निकालांत सगळ्यात जुनी तारीख शोधायची, आणि ती निकालांच्या यादीतली न घेता त्या पानावर जाऊन बघायची. काहीच सापडलं नाही तर चित्र आडवं उलटं करून पुन्हा शोधायचं, कारण पकड चुकवण्यासाठी व्हिडिओ आरशातल्यासारखा उलटवतात. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली किंवा गाड्या रस्त्याच्या उजवीकडून धावताना दिसल्या की हा संशय घ्यावा.

शोधयंत्राला जे जमत नाही ते इथल्या माणसाला जमतं. 'ठाण्यातला आजचा व्हिडिओ' म्हणून आलेल्या दृश्यात बस टीएमटीची, म्हणजे ठाणे पालिकेची आहे का? वाशीचा म्हणतात तर नवी मुंबई पालिकेची एनएमएमटी दिसते का? गाड्यांच्या नंबरप्लेट बघा: एमएच ०४ ठाणे, ०५ कल्याण, ४३ वाशी, ४६ पनवेल. एका गाडीवरून काही ठरत नाही, पण रस्त्यावरच्या दहा गाड्यांत इथली एकही नसेल तर जागा वेगळी आहे. घोडबंदर रोडचं ताजं दृश्य म्हणून आलेल्या व्हिडिओत मेट्रोचे खांबच नसतील तर तो जुना आहे. दुकानांच्या पाट्यांवर मराठी नाही, रिक्षा काळी-पिवळी नाही, भर मे महिन्यात लोक रेनकोट घालून उभे आहेत, अशा गोष्टी पाच सेकंदांत दिसतात, फक्त राग येण्याआधी बघितलं पाहिजे. आणि सगळ्यात जलद उपाय म्हणजे फोन. मुंब्र्याचं काही आलं तर मुंब्र्यात राहणाऱ्याला, राबोडीचं आलं तर राबोडीतल्याला फोन करावा. असा एकही नंबर आपल्या फोनमध्ये नसेल तर अफवांसाठी आपण मोकळं रान आहोत.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रं आल्यापासून सहा बोटं, वितळलेले कान, चुकलेली जोडाक्षरं शोधायची सवय लोकांना लागली. ती आता सोडावी. खुणा दर काही महिन्यांनी पुसल्या जातात, आणि 'बोटं बरोबर आहेत म्हणजे खरं' असा उलटा विश्वास बसतो. कुणी काढलं, कुठे, कधी, आणि त्या ठिकाणचं दुसऱ्या कोनातून काढलेलं काही आहे का, हे प्रश्न मात्र जुने होत नाहीत. मोठी घटना गर्दीच्या ठिकाणी घडली आणि तिचं चित्र एकच आहे, असं आज क्वचितच होतं. शंकास्पद आवाज किंवा व्हिडिओ तपासून देणारी डीपफेक्स ॲनालिसिस युनिटची व्हॉट्सॲप सेवा मार्च २०२४ पासून चालू आहे. उत्तर यायला वेळ लागतो. तोवर पुढे न पाठवणं आपल्या हातात आहे.

गडचिंचल्याच्या घटनेनंतर जे झालं त्यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण शिकण्यासारखं तिथे सगळ्यात जास्त आहे. हत्येचा व्हिडिओ पसरला आणि त्यासोबत एक ओळ आली: गर्दीतला एक आवाज 'बस शोएब बस' असं ओरडतोय. ज्यांनी ती ओळ आधी वाचली त्यांना ते नाव ऐकू आलं. तथ्य तपासणाऱ्यांनी आवाज वेगळा काढून ऐकला तेव्हा तो 'ओय बस' निघाला. राज्याच्या त्यावेळच्या गृहमंत्र्यांनाही अटकेतल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की त्यात एकही मुसलमान नाही. तीन माणसं अफवेने मारली होती आणि त्यांच्या मृत्यूवर चोवीस तासांच्या बातम्यांच्या वेगाने दुसरी अफवा उभी केली जात होती, या वेळी एका अख्ख्या समाजाविरुद्ध.

कान फसतो कारण गोंगाटात मेंदू अपेक्षित शब्द भरून घेतो. म्हणून आरडाओरडा असलेली क्लिप आली की आधी खालची ओळ, सबटायटल, टाकणाऱ्याची टिप्पणी झाकून ऐकायचं. आपल्याला जे ऐकू आलं ते लिहून ठेवायचं. मग ज्याने ती ओळ वाचलेली नाही अशा घरातल्या कुणाला, 'यात काय म्हणतात?' एवढंच विचारून ऐकवायचं. नाव सुचवून विचारलं की उत्तर बिघडलंच. हेडफोन लावून, वेग अर्ध्यावर आणून ऐकलं तर बराच फरक पडतो. दोघांचं ऐकणं जुळलं नाही तर तो आवाज पुरावा म्हणून वापरायचा नाही.

मजकुराचे मेसेज आणि व्हॉइस नोट यांना असं शोधयंत्र नाही. 'माझा मेहुणा क्राइम ब्रँचला आहे' अशा आवाजात नाव, पद, पोलीस ठाणं, तारीख यातलं काहीच नसेल तर तो आवाज कितीही खात्रीचा वाटो, त्यात माहिती शून्य आहे. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने 'फॉरवर्डेड'ची खूण आणली आणि भारतात फॉरवर्ड एका वेळी पाच चॅटपुरतं मर्यादित केलं. एप्रिल २०२० पासून दुहेरी बाण असलेला, म्हणजे खूप वेळा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. दुहेरी बाण उपयोगाची खूण आहे, पण तो नसणं हा निर्वाळा नव्हे. मजकूर कॉपी करून पुन्हा चिकटवला की खूण गळून पडते आणि शेजारच्या काकांनी स्वतः लिहिल्यासारखा तो दिसतो.

चूक दुरुस्त करताना बहुतेक भांडणं होतात, कारण दुरुस्ती चारचौघांत होते. ज्याने मेसेज टाकला त्याला आधी वेगळा फोन किंवा मेसेज करावा: 'काका, मगाशी टाकलेला व्हिडिओ आपल्याकडचा नाही, २०१७ चा आहे, लिंक पाठवतोय. तुम्हीच काढलात तर बरं.' स्वतःचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला साधारण अडीच दिवसांची मुदत असते, तेव्हा लवकर सांगावं. ग्रुपवर लिहायचं तेव्हा खरी गोष्ट पहिल्या ओळीत. 'मुंब्र्यात दंगल झाली ही अफवा खोटी आहे' असं लिहिलं की घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात 'मुंब्र्यात दंगल' एवढंच राहतं. 'मुंब्रा शांत आहे, संध्याकाळी सहाला तिथल्या रहिवाशांशी बोललो. फिरणारा व्हिडिओ दुसऱ्या राज्यातला जुना आहे' असं लिहावं. खोटा व्हिडिओ निषेधासाठीही पुन्हा चढवू नये. दाखवायचाच तर एक चौकट घेऊन तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'खोटं' लिहावं, कापून काढता येणार नाही असं मधोमध.

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबवर तर तुमचा संतापही द्वेषाच्या खात्यात जमा होतो. २०१७ मध्ये फेसबुकच्या क्रमवारीत संतापाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं. २०२० मध्ये ते शून्यावर आणलं गेलं, पण कॉमेंट आणि शेअर यांचं वजन राहिलंच. द्वेषाच्या रीलखाली तुम्ही लिहिलेली समर्पक शिवी ती रील आणखी लोकांपुढे नेते. तिथे रिपोर्ट करावं, 'यात रस नाही' दाबावं आणि आपलं म्हणणं आपल्या भिंतीवर, मूळ पोस्टची लिंक न देता मांडावं.

खरंच चिथावणी, धमकी किंवा एखाद्या स्त्रीमागे लागलेली टोळधाड असेल तर पुरावा आधी, रिपोर्ट नंतर. हा क्रम उलटा झाला की हातात काही उरत नाही, कारण व्हॉट्सॲपवर रिपोर्ट करताना ग्रुप सोडून चॅट पुसायचा पर्याय समोर येतो आणि घाईत तो दाबला जातो. कापलेला स्क्रीनशॉट कामाचा नाही. पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचं नाव, तारीख, वेळ एका चौकटीत हवी. त्यासोबत स्क्रीन रेकॉर्डिंग करून वरखाली सरकवत मागचा-पुढचा संवाद दाखवावा, कारण संदर्भ तोडल्याचा आरोप हमखास होतो. 'एक्स्पोर्ट चॅट' करून फाइल स्वतःला ईमेल करावी. समाजमाध्यमांवर नाव बदलता येतं, म्हणून पोस्टची आणि प्रोफाइलची पूर्ण लिंक लिहून ठेवावी. ज्या फोनवर मेसेज आला तो विकू नये, रीसेट करू नये. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारी खूण, द्यावं लागतं. हे काम वकिलाच्या मदतीने करावं.

तक्रार जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही आयुक्तालयांत सायबर विभाग आहेत, आणि राष्ट्रीय सायबर पोर्टलवरही नोंद होते. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. भारतीय न्याय संहितेत समाजांत वैर पसरवण्यासाठी कलम १९६ आहे, अफवा पसरवण्यासाठी ३५३, गुन्हेगारी धमकीसाठी ३५१, स्त्रीचा ऑनलाइन पाठलाग करण्यासाठी ७८. तक्रारीत विशेषणं टाळून नेमके शब्द, तारीख, वेळ आणि त्याचा परिणाम लिहावा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही तर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं. आणि दुसऱ्या बाजूचंही जाणून असावं: मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की तीन ते सात वर्षं शिक्षेच्या बोलण्याबद्दलच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करणं योग्य ठरतं. तुमच्या टीकेवरून कुणी पोलीस ठाण्यात बोलावलं तर लेखी नोटीस मागणं हा तुमचा हक्क आहे.

खरं-खोटं ठरवायचं काम एकदाचं सरकारवर सोपवावं, असं दमलेल्या माणसाला वाटू शकतं. केंद्राने २०२३ मध्ये स्वतःविषयीच्या बातम्यांसाठी तसा तपासणी कक्ष आणायचा नियम केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. मला तो निकाल योग्य वाटतो. ज्याच्यावर टीका होते त्यानेच टीका खरी की खोटी हे सांगायचं, ही व्यवस्था कुठल्याही पक्षाच्या हाती धोकादायक आहे. काम आपल्याकडेच राहतं.

आणि ते जमू शकतं, हे ठाणे जिल्ह्यानेच दाखवलंय. भिवंडी १९७० मध्ये पेटली, १९८४ मध्ये पुन्हा पेटली. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या: त्याच वस्तीतली दोन्ही समाजांची साधी माणसं आणि त्या भागाचे पोलीस, नियमित बैठका, नळापासून भांडणापर्यंत सगळ्या विषयांवर बोलणं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, पण अफवा होत्याच. फरक इतकाच की अफवा आली तेव्हा विचारायला ओळखीचं माणूस होतं. ती ओळख दंगलीच्या रात्री तयार होत नाही, नळाच्या तक्रारींतून झालेली असते.

सोसायट्यांच्या महासंघांना, मंडळांना हे आज करता येईल. आजूबाजूच्या वस्त्यांतल्या, वेगवेगळ्या समाजांच्या दहा-बारा ॲडमिनचा एक छोटा ग्रुप, ज्यावर शुभेच्छा आणि सुविचार बंद. फक्त 'हे तुमच्याकडचं आहे का?' आणि त्याचं उत्तर. प्रत्येकाने आपल्या पोलीस ठाण्याचा नंबर आणि आयुक्तालयाचं अधिकृत खातं त्यात नोंदवून ठेवावं. विसर्जन, ईद, रामनवमी, शिवजयंती, निवडणुकीचा निकाल, अशा दिवशी दोघांनी संध्याकाळी सहा ते मध्यरात्र पाळी वाटून घ्यावी. अफवा आली की मोठा ग्रुप 'फक्त ॲडमिन' वर न्यावा, काय तपासतोय आणि कधीपर्यंत सांगू ते लिहावं, आणि सांगितलेल्या वेळी खरंच सांगावं, उत्तर 'अजून कळलं नाही' असलं तरी. सकाळी ग्रुप पुन्हा सगळ्यांसाठी उघडावा. ज्यांना रात्री गप्प बसवलं त्यांनी सकाळी ॲडमिनवर टीका केली तर ती टीका तिथेच राहू द्यावी आणि तिला उत्तर द्यावं.